तीस टक्के अपंगत्व, पात्रता निरंक

वैद्यकीय कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीची श्रेणी, खाली आलेला जवान नोकरी संपवून बाहेर पडतो, तेव्हा त्याचे रिलीज मेडिकल बोर्ड बसते. बोर्डाचा निकाल एएफएमएसएफ-१६ या छापील नमुन्यावर लिहिला जातो. नमुना बराच लांबलचक आहे, पण डिसेबिलिटी पेन्शनचा फैसला त्यातल्या तीनच जागी होतो. पहिली जागा जवानाच्या स्वतःच्या निवेदनात आहे. कधीपासून कधीपर्यंत कुठे नोकरी केली याचा तक्ता, आणि प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर: पी किंवा एफ. पी म्हणजे पीस, शांततेचे ठाणे; एफ म्हणजे फील्ड, सीमेवरची किंवा मोहिमेवरची तैनाती. दुसरी जागा बोर्डाच्या मताची. आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे बळावला का, की सेवेशी त्याचा संबंधच नाही? तिसरी जागा टक्क्यांची. तिथे अपंगत्व ३० टक्के लिहिलेले असते आणि जवळच, पेन्शनसाठी पात्र टक्केवारीच्या रकान्यात, ‘निल’. आपल्या कचेरीच्या मराठीत निरंक.

जवान ३० हा आकडा वाचतो आणि सही करतो. पुढे महिन्याभराने, कधी वर्षाने पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, हातात पडतो. त्यात साधे सर्व्हिस पेन्शन असते, डिसेबिलिटी एलिमेंट, म्हणजे अपंगत्वापोटीची रक्कम, नसते. तोवर तो गोव्यात पेडण्याला किंवा वाळपईला घरी येऊन कुठल्यातरी कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत लागलेला असतो. ‘बोर्डाने नाही म्हटले’ एवढेच त्याला ठाऊक असते. का नाही म्हटले, हे विचारायला सहा महिन्यांची मुदत असते. ती कुणी सांगत नाही.

माजी सैनिक या लाभाला मुकतात, ते सरकार चिकट आहे म्हणून, असे बाहेरून वाटते. जवान अडाणी आहे म्हणून, असे कार्यालयांतून ऐकू येते. दोन्ही स्पष्टीकरणे अपुरी आहेत. नियम वाचले तर ते बऱ्यापैकी उदार आहेत. घोळ हा आहे की उदार नियमाची अंमलबजावणी ज्या कागदांवर होते, ते कागद जवान सगळ्यात दुबळ्या स्थितीत असताना तयार होतात. एक दुखापतीच्या दिवशी, दुसरा घरी जायच्या घाईत असताना. नियम म्हणतो पुराव्याचा भार जवानावर नाही. कागद तो भार गुपचूप त्याच्याच पाठीवर टाकतात.

नियमाचा गाभा दोन अटींत मावतो. अपंगत्व सेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे बळावलेले हवे, आणि नेहमीच्या मुदतीने निवृत्त होणाऱ्यासाठी ते किमान २० टक्के हवे. सेवेतून वैद्यकीय कारणाने काढून टाकलेल्या, म्हणजे इन्व्हॅलिड आउट झालेल्या जवानाचे गणित थोडे वेगळे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सुखविंदर सिंग प्रकरणात म्हटले, की ज्याला अपंगत्वापायी घरी पाठवले त्याचे अपंगत्व २० टक्क्यांहून अधिकच मानले पाहिजे. नाहीतर त्याला काढले कशाला?

पैशांचा हिशोब एकदा कागदावर करून पाहावा. १०० टक्के अपंगत्वाला डिसेबिलिटी एलिमेंट शेवटच्या पात्र वेतनाच्या ३० टक्के. एखाद्या हवालदाराचे हे वेतन ४०,००० रुपये धरले, तर १०० टक्क्यांना १२,००० आणि २० टक्क्यांना २,४००. पण सरकारच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने टक्केवारीला पायऱ्या दिल्या: ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ मध्ये असेल तर ७५, त्यावर १००. म्हणजे २० टक्केवाल्या हवालदाराचे २,४०० चे ६,००० होतात, वर महागाई सवलत. ही पायरी आधी फक्त इन्व्हॅलिड आउट झालेल्यांसाठी होती. १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाने ती मुदतीने निवृत्त झालेल्यांनाही लागू झाली. तरी हा हिशोब पदरात पाडून घ्यायला कित्येकांना सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा, म्हणजे ट्रिब्युनलचा, दरवाजा ठोठवावा लागला. आता याच गणिताची दुसरी बाजू पाहा. मुदतीने निवृत्त होणाऱ्याच्या कागदावर बोर्डाने १९ लिहिले तर शून्य, २० लिहिले तर महिना ६,०००. एका टक्क्याची किंमत वर्षाला ७२,०००. गुडघा किती वाकतो, कानाला किती डेसिबलवर ऐकू येते, हे मोजणाऱ्या डॉक्टरच्या हातात एवढे वजन असते, आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला ते माहीत नसते.

टक्क्यांपेक्षाही जास्त दावे पडतात ते दुसऱ्या जागी, बोर्डाच्या मतापाशी. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, मणक्याची चकती सरकणे, मानसिक आजार. यांच्यापुढे ठरलेले वाक्य येते: आजार प्रकृतीगत आहे, पीस एरियात सुरू झाला, सेवेशी संबंध नाही. लष्करी डॉक्टरांसाठी असलेल्या मार्गदर्शिकेने या विचाराला चाकोरी पाडून दिली. हृदयविकाराचा झटका आला तर आधीच्या १४ दिवसांत जवानाने काय काम केले, ते तपासायचे. रक्तदाबासाठी तो फील्डमध्ये, अतिउंचीवर किंवा दहशतवादविरोधी मोहिमेत होता का, ते पाहायचे. आता सियाचीनहून उतरून पठाणकोटच्या पीस युनिटमध्ये आलेल्या माणसाचा रक्तदाब तिथल्या वार्षिक तपासणीत पहिल्यांदा सापडला, तर तो पठाणकोटला सुरू झाला असे लिहायचे काय? रक्तदाब सापडण्याची तारीख आणि तो सुरू होण्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्मवर मात्र एकच रकाना आहे.

याच मुद्द्यावर २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाया घातला. भरतीच्या वेळी जवानाच्या कागदावर आजाराचा शेरा नसेल, तर तो निरोगी होता असे धरायचे. नंतर प्रकृती बिघडली तर ती सेवेमुळे बिघडली असे धरायचे. तसे नाही म्हणायचे असेल तर बोर्डाने कारणे लिहायची. संशयाचा फायदा जवानाला. यातले नवीन काही नव्हते. १९८२ च्या नियमावलीत हेच होते. नियमावली नंतर २००८ ला बदलली, पुन्हा २०२३ ला बदलली, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून मुदतीने निवृत्त होणाऱ्यांच्या लाभाचे नावही ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ झाले. त्यामुळे कोणता नियम लागतो, हे आधी सेवेतून बाहेर पडल्याची तारीख पाहून ठरवावे. शेजाऱ्याला मिळाले म्हणून आपला अर्ज त्याच्या अर्जाची नक्कल करून पाठवू नये. तो २०१५ चा असेल, आपण २०२४ चे.

न्यायालय प्रत्येक वेळी जवानाच्या बाजूने उभे राहिले, असेही नाही. बोर्डाने सविस्तर कारण दिले असेल आणि ते वैद्यकीयदृष्ट्या टिकत असेल, तर दावा फेटाळलाही गेला आहे. म्हणूनच बोर्डाचा कागद हातात असणे महत्त्वाचे. त्यात कारण आहे की नुसता शिक्का, ते वाचल्याशिवाय कळत नाही.

आता जवानाच्या स्वतःच्या गप्प बसण्याबद्दल. सकाळी सिक रिपोर्ट करून एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, जाणे ही युनिटमध्ये फार मानाची गोष्ट नसते. गुडघा दुखतो म्हणून दोनदा गेला की तिसऱ्यांदा टोमणा येतो. पण टोमण्यापेक्षा मोठी भीती कॅटेगरीची. शेप-वन ही पूर्ण तंदुरुस्तीची श्रेणी गेली की बढती अडते, मुदतवाढ अडते, आणि निवृत्तीनंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) पुन्हा भरती व्हायचे स्वप्न संपते, कारण तिथेही साधारणपणे शेप-वनच लागते. म्हणून पंधरा-सोळा वर्षे गुडघ्याला पट्टा बांधून, बाहेरच्या मेडिकलमधल्या गोळ्या खाऊन, तो तंदुरुस्त म्हणून घरी येतो. कागदोपत्री त्याला कधी काही झालेच नाही. दोन वर्षांनी बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात एमआरआय निघतो तेव्हा त्याच्या सगळ्या नोकरीत गुडघ्याची एकही नोंद नसते. निवृत्तीनंतर ठरावीक वर्षांच्या आत उघड झालेला आजार सेवेत रुजला होता, असे दाखवता येते. नियमात तशी तरतूद आहे. पण दाखवायचे कशाच्या आधारावर? नौदलातून आलेल्यांच्या कानांचेही असेच. इंजिन रूममध्ये किंवा विमानांच्या फ्लाइट लाइनवर वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाला घरी टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो, पण सेवेत असताना ऑडिओमेट्री, म्हणजे कानांची तपासणी, झालेली नसते.

दुखापतीचे प्रकरण आजारापेक्षा सोपे असायला हवे, कारण तिला दिवस असतो, जागा असते, साक्षीदार असतात. तरीही ते इथे अडते. दुखापत झाली की युनिटने आयएएफवाय-२००६ हा इंजुरी रिपोर्ट भरायचा असतो, गंभीर असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी. त्यात कमांडिंग ऑफिसर एक गोष्ट लिहितो: जवान ड्युटीवर होता की नव्हता. पुढची तीस वर्षे त्या एका शब्दावर उभी असतात. आपल्या पोरांचा फुटबॉल घ्या. युनिटने भरवलेल्या सामन्यात लिगामेंट तुटले तर ती ड्युटीवरची दुखापत, कारण खेळ युनिटच्या व्यवस्थेखाली होता. संध्याकाळी बॅरेकच्या मागे चार जणांनी मिळून खेळताना तुटले तर वाद सुरू. प्रवासाचेही तसेच. चवथीच्या रजेवर युनिटमधून थेट घरी येताना, किंवा परत जाताना अपघात झाला, तर तो ड्युटीत धरला जातो. घरी पोचल्यावर, माटोळीचे सामान आणायला बाजारात जाताना मोटरसायकल घसरली तर तिचा सेवेशी संबंध दाखवावा लागतो, आणि बहुधा तो दाखवता येत नाही. पहिल्या प्रकारात हाताशी हवे ते काय? रेल्वे वॉरंट किंवा तिकीट, रजेचा दाखला, जवळच्या पोलीस ठाण्याची नोंद, ज्या हॉस्पिटलात आधी नेले त्याचा केस पेपर, आणि युनिटला त्याच दिवशी कळवल्याचा पुरावा. युनिटला फोनवर कळवतात आणि विसरतात. फोन कागदावर राहत नाही.

गोव्यात याला भूगोलाची भर पडते. आपले राज्य छोटे, पण माजी सैनिकाची कागदपत्रे राज्यात नसतातच. मराठा लाइट इन्फंट्रीचा असेल तर रेकॉर्ड ऑफिस बेळगावला. चोर्ला घाट चढून एका दिवसात जाऊन येता येते, म्हणून हे लोक त्यातल्या त्यात नशीबवान. सिग्नल्सचा असेल तर जबलपूर, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोड, नौसैनिक असेल तर मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधले ब्युरो ऑफ सेलर्स. पेन्शनचे आदेश प्रयागराजहून. दाद मागायचे ट्रिब्युनल मुंबईला. गोवा सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाखाली येतो. आणि सगळ्या पत्रव्यवहारात नाव जुळले पाहिजे. इथे गोव्याची खास अडचण. जन्माच्या दाखल्यावर पोर्तुगीज वळणाचे स्पेलिंग, शाळेत दुसरे, सैन्यात भरतीच्या कारकुनाने लिहिले ते तिसरे, आधारवर चौथे. एकाच घरातला भाऊ परब आणि दुसरा पोरोब, काका गावकर आणि पुतण्या गावंकर. स्पर्श या ऑनलाइन पेन्शन प्रणालीत नाव, जन्मतारीख, आधार यांचा मेळ लागला नाही की प्रकरण अडून बसते. बायकोचे नाव तर लग्नाची नोंद करणारा पार्ट टू ऑर्डर निघालाच नसल्याने कधीकधी रेकॉर्डमध्ये नसतेच, आणि हे नवरा गेल्यावर कळते.

आणखी एक घोटाळा फार पसरला आहे. बांबोळीच्या बोर्डाकडून ४० टक्क्यांचे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांग ओळखपत्र मिळाले, की डिसेबिलिटी पेन्शन मिळणार असे लोक समजतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले ४० टक्के आणि लष्करी पेन्शनमधले २० टक्के यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कायदा वेगळा, मंडळ वेगळे, प्रश्नही वेगळा. नागरी मंडळ ‘अपंगत्व किती’ एवढेच विचारते, लष्करी मंडळ ‘कशामुळे’ हेही विचारते. यूडीआयडी जरूर काढावे, नागरी सवलतींना उपयोगी आहे. पेन्शनच्या अर्जाला ते जोडून थांबू नये.

या सगळ्यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. डिसेबिलिटी पेन्शन हा आता निवृत्तीचा बोनस झाला आहे, रक्तदाब आणि साखर दाखवून ते उपटले जाते, असे सैन्यातलेच काही जण म्हणतात. महालेखापरीक्षकांच्या २०२३ मध्ये संसदेसमोर आलेल्या अहवालात या दाव्यांची छाननी झाली. त्यातली एक गोष्ट मात्र आक्षेप घेणारे क्वचित सांगतात: निवृत्त होणाऱ्यांमध्ये डिसेबिलिटी पेन्शन घेणाऱ्यांचे प्रमाण अधिकाऱ्यांत जवानांच्या दुपटीच्या आसपास होते. बंकरमध्ये जास्त रात्री कोण काढतो, ओझे कोण वाहतो? जवान. मग त्याचे प्रमाण निम्मे का? अधिकारी जास्त आजारी पडतात असे मानायला आधार नाही. त्यांना फॉर्म वाचता येतो, लक्षणाची नोंद वेळेवर करून घ्यायची असते हे माहीत असते, अपीलाचा मसुदा लिहिता येतो. गैरवापर आहे म्हणून दार अरुंद केले, तर ज्याला दाराची चावी कुठे असते ते ठाऊक आहे तो आत येतच राहील. बाहेर राहील तो वाळपईचा लान्स नाईक.

सरकारला हे कळत नाही असे नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये त्यांनी सेवा आणि पेन्शनच्या तक्रारी व खटले कमी कसे करावेत यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. तिने त्याच वर्षी ७५ शिफारशी दिल्या. अपंग सैनिकांच्या विरोधात सरकारने वरच्या न्यायालयात नेलेली अपिले हा त्या अहवालातला मोठा भाग होता. दहा वर्षे उलटली. मे २०२५ मध्येही सर्वोच्च न्यायालयाला स्किझोफ्रेनियामुळे काढलेल्या एका सैनिकाच्या प्रकरणात सांगावे लागले, की बोर्डाने कारणे दिली नाहीत, म्हणून पेन्शन द्या. ट्रिब्युनलात जिंकलेला माणूस तिथेच संपत नाही. सरकार आता उच्च न्यायालयातही जाऊ शकते, आणि मग पर्वरीचे किंवा मुंबईचे नवे हेलपाटे. पर्रीकरांच्या नावाने गोव्यात बरेच काही उभे राहिले. त्यांनी नेमलेल्या समितीचा अहवाल मात्र आपल्याकडे कुणी मराठीत आणला नाही.

दिल्लीने काय करावे याची यादी मोठी होईल. त्यातले पहिले एवढेच: बोर्डाचे मत जवानाला त्याला समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवावे, प्रत त्याच दिवशी हातात द्यावी, आणि ‘निल’ असेल तिथे अपीलाची मुदत त्याच पानावर छापावी. याला पैसा लागत नाही. पण गोव्याला दिल्लीची वाट पाहायचीही गरज नाही. इथे जिल्हे मोजकेच आहेत. राज्याच्या सैनिक कल्याण यंत्रणेकडे नोंदलेल्या माजी सैनिकांची यादी आहे. त्यातल्या प्रत्येकाच्या डिस्चार्ज बुकात सेवेतून निघताना कॅटेगरी काय होती ते लिहिलेले असते. शेप-वन सोडून दुसरे काहीही असेल आणि पीपीओत डिसेबिलिटी एलिमेंट नसेल, अशी नावे वेगळी काढायला एका कारकुनाला काही महिने पुरतील. जुलै २०२५ मध्ये नाल्साने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, वीर परिवार सहायता योजना सुरू केली, तिचा हेतूच सैनिक मंडळांत कायदेशीर मदत बसवणे हा आहे. तिथे बसणाऱ्या वकिलाला फक्त ही यादी द्यायची. शिबिरात सत्कार, शाल, नारळ हे दरवर्षी होते. त्या खुर्च्यांवर बसलेल्यांची डिस्चार्ज बुके एकदा उघडून पाहावीत.

तोवर ज्याचे त्याने करायचे ते असे. डिस्चार्ज बुकातली कॅटेगरी पाहा. ती खाली असेल तर बोर्ड झालेच होते. त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडे साध्या पत्राने मागा, नाही आली तर माहिती अधिकारात. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, ३० दिवसांची मुदत. अर्जात सर्व्हिस नंबर, रँक, नाव सैन्यातल्या स्पेलिंगप्रमाणे लिहा, आणि नुसते ‘माझे मेडिकल कागद’ असे न म्हणता ‘रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण कार्यवाही, एएफएमएसएफ-१६, सर्व पाने, आणि इंजुरी रिपोर्ट’ असे मागा. प्रत आली की आधी पी आणि एफचा तक्ता तपासा. उत्तर सीमेवरची पोस्टिंग पी म्हणून पडलेली सापडते. नाकारल्याचे पत्र ताजे असेल तर सहा महिन्यांत पहिले अपील, ते पडले तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे. मुदत गेली असली तरी ट्रिब्युनल बंद होत नाही. पेन्शन न देणे हा दर महिन्याला चालू राहणारा अन्याय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये तरसेम सिंग प्रकरणात मान्य केले; मात्र मागची थकबाकी अर्ज करण्याआधीच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणजे उशिराचे प्रत्येक वर्ष खिशातून जाते.

पूर्वी ठरावीक वर्षांनी फेरतपासणी बोर्ड व्हायचे. बोलावण्याचे पत्र जुन्या पत्त्यावर गेले, माणूस पोचला नाही, आणि एलिमेंट बंद झाले, अशीही प्रकरणे आहेत. फेब्रुवारी २००१ च्या आदेशापासून टक्केवारी सहसा आयुष्यभरासाठी धरली जाते, म्हणून ज्यांचे त्याआधी थांबले त्यांनी पुन्हा मागणी करावी.

सर्वांत घाई त्यांनी करायची, ज्यांना पेन्शन न देता, थोडी ग्रॅच्युइटी देऊन घरी पाठवले. पेन्शन नसलेल्यांचे सेवेचे कागद लष्कराच्या नियमांनुसार २५ वर्षांनी नष्ट केले जातात. २००८ च्या नियमावलीत तर स्पष्टच आहे: दावा १५ वर्षांनंतर आला आणि तोवर कागद नष्ट झाले असतील, तर पुराव्याचा भार सरकारवरून उठून दावेदारावर येतो. २००१ किंवा २००२ मध्ये असा परत आलेला डिचोलीतला किंवा काणकोणातला जवान आज पन्नाशीच्या आत असेल. त्याच्या पत्र्याच्या ट्रंकेत डिस्चार्ज बुक असेल, एखादी हॉस्पिटलची स्लिप असेल. रेकॉर्ड ऑफिसातली त्याची फाइल अजून आहे की नाही, हे याच महिन्यात विचारायला हवे.